जीपची नवी खिडकी

नव्या रेक्झिनचा वास आला की मला माझी पाठवणी आठवते. आमच्या जुन्या जीपचे पडदे फाटले होते, त्यांतल्या प्लास्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडून आंधळ्या झाल्या होत्या. लग्नाआधी वडिलांनी कळमनुरीच्या कुशनवाल्याकडून रेक्झिनचे नवे पडदे शिवून घेतले. "खिडकी मोठी ठेवा, लेक जाताना तिच्या मायला दिसली पाहिजे," एवढंच बजावलं. त्या संध्याकाळी माघाची थंडी होती आणि जीप माणसांनी गच्च भरली होती. खिडकीबाहेर आईचा पदर अंधुक हलताना दिसला, तशी मीही रडत रडत हात हलवत राहिले. पुढं माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, "तुहं तोंडच दिसंना, म्हणून मी पदरानं खिडकी पुसून राहिले होते." वाफ तर आतून धरली होती. आई आता नाही. हात हलवण्याऐवजी तेव्हा मीच आतून पुसायला हवं होतं.