सरपंच आहेत का घरात?

एका शेगडीवर दूध, दुसरीवर भाकरी, आणि आमचे मास्तर एकच मोजा हातात धरून घरभर दुसरा शोधताहेत, अशी आमच्याकडची रोजची सकाळ. त्यात शेजारच्या सत्यशीलाबाई विरजण न्यायला आलेल्या. त्या कधी नुसत्या येत नाहीत. आल्या की फतकल मारून समोर दिसेल ते काम ओढून घेतात. त्या दिवशी मेथी निवडत होत्या. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात खालच्या आळीतला आसाराम.

"मास्तरीणबाई, सरपंच हायेत का हितं? त्यांच्या घराला कुलूप हाय."

"आहेत की. या ना आत."

त्याने डोकावून पाहिलं. मेथीच्या ढिगामागे सत्यशीलाबाई दिसल्या, तसा त्याचा चेहरा पडला.

"ह्या व्हय! न्हाई, ह्या वहिनी झाल्या. मी सरपंचांना इच्यारत हुतो."

आता खरं सांगायचं तर तीन वर्षांपासून आमच्या गावच्या सरपंच सत्यशीलाबाईच आहेत. त्यांच्या आधी त्यांचे मालक, बिभीषणराव, पाच वर्षं सरपंच होते. पुढे जागा बायकांसाठी राखीव झाली, सत्यशीलाबाई उभ्या राहिल्या आणि चांगल्या निवडून आल्या. पण आमच्याकडे सरपंच हे गोंदणासारखं असतं, एकदा उमटलं की जात नाही. लग्नाच्या मांडवात माइकवरून "सरपंच, पुढं या" असा पुकारा झाला की तीन-तीन माजी सरपंच फेटा बांधून घ्यायला सरसावतात. आणि जिच्या सहीने ग्रामपंचायत चालते ती आत बायकांत हळदीकुंकू घेत असते. तिला गाव म्हणतं सरपंचीणबाई. म्हणजे सरपंचांची बायको. पाटलाची पाटलीण, तसं. मला तरी बोलायला कुठे तोंड आहे? मी आजवर एकाही पोराला पाढा शिकवलेला नाही, तरी गावाची मास्तरीणबाई आहेच.

सत्यशीलाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "आसारामभाऊ, वहिनीकडं आला असाल तर चहा मिळंल. सरपंचाकडं आला असाल तर बसा आणि बोला."

आसाराम हसला, पण बसला. चहाही घेतला.

त्याचं काम साधं होतं, तरी लहान नव्हतं. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आसाराम आणि त्याची बायको बायडाबाई दरसाल जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची सातवीतली मोनिकाही जाते. तिथे पहाटे भाकरी ती थापते, पाणी ती आणते. उन्हाळ्यात परत येते तेव्हा शाळा पार पुढे गेलेली असते. यंदा सत्यशीलाबाईंनी सगळा पावसाळा पाथर्डीला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाचं जमवत आणलं होतं. पोरांनी गावातच राहायचं, दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आपापल्या आजीकडे. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ते पक्कं व्हायचं होतं. पण आईबाप पोरं मागे ठेवायला तयार झाले तरच. वर्ग रिकामे राहिले तर वसतिगृह कुणासाठी?

सत्यशीलाबाईंना ते इतकं का लागलं होतं, हे मला ठाऊक होतं. तिसरीत असताना त्या अशाच आईबापाबरोबर फडावर गेल्या, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. शाळा सुटली ती सुटलीच. सही करायला शिकल्या ते पार बचत गटात आल्यावर, दोन लेकरांच्या आई असताना. सुरुवातीला सही करताना जीभ दातांत धरायच्या. आता ग्रामसेवकाने कागद पुढे केला की आधी विचारतात, "वाचून दाखवा. मग परत मी वाचते."

"जेवान खरंच मिळंल ना?" आसारामने बशीतला चहा संपवत विचारलं. "न्हाईतर पोरगी उपाशी, अन् आमी तिकडं घोर लावून बसायचं."

"मिळंल. मी सरपंच म्हनून शब्द देते. रोज दुपारी मी स्वता ताटावर उभी राहीन."

"मग झालं!" आसाराम उठला, टॉवेल झटकला, दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, "तरी पन एकदा सरपंचांना इच्यारून घेतो."

माझी भाकरी करपली. सत्यशीलाबाई मेथी निवडत राहिल्या. फक्त देठ जरा जास्त लांब तुटायला लागले.

दुपारी नळावर बायडाबाई भेटली. "न्हाई ठेवत पोरीला," म्हणाली. "मालकांनी तिसगावच्या बाजारात सरपंचांना गाठलं हुतं. ते म्हनले, बघू."

पुढाऱ्याच्या 'बघू'चा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. बघू म्हणजे नाही. संध्याकाळपर्यंत तो 'बघू' खालच्या आळीत घरोघर पोचला, आणि ज्यांनी पोरं ठेवतो म्हटलं होतं त्यांनीही गाठोडी बांधायला घेतली.

दिवेलागणीला बिभीषणराव बाजाराच्या पिशव्या घेऊन आले. मी विरजणाचं भांडं परत आणायला त्यांच्या ओट्यावर गेले होते. माणूस गमत्या, मनाने निर्मळ. पण कुणी लांबून 'सरपंच' म्हटलं की घुंगराच्या आवाजाने बैलाने मान वळवावी तशी त्यांची मान वळते.

"आसारामला काय म्हनला तुमी?" सत्यशीलाबाईंनी पिशवी हातातून घेत विचारलं.

"आसारामला? कायबी न्हाई."

"बघू म्हनला."

बिभीषणराव आठवू लागले. "आरं हा! मी वांग्याचा भाव करत हुतो. त्यो मागून वरडला, सरपंच, ते वसतिगृहाचं कसं? मी म्हनलो, बघू." मग हळूच म्हणाले, "म्हंजे तसंच म्हनायची सवय हाय ना. पाच वरीस तेच म्हनत आलो."

मला हसू आवरेना. सत्यशीलाबाईही हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

"तुमच्या एका बघूनं माझा सगळा पावसाळा वाहून गेला. मोनिका चालली. तिच्या मागं बाकीची बी."

बिभीषणरावांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, मंग त्यात काय! उद्या सभंत मीच उठतो. माइक घेतो. सांगतो समद्यांना, वसतिगृह हुनार, सरपंच ही हाय, हिचंच ऐका. मी म्हनलो की कोन न्हाई म्हनतोय?"

"तेच तर!" त्या म्हणाल्या. "तुमी म्हनला म्हनून ऐकलं, तर परत तुमचंच ऐकलं. पुढच्या दिवाळीला पुन्हा तुमालाच बाजारात गाठत्याल."

बिभीषणरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांड्याच्या बुडाकडे.

"मंग मी करू तरी काय? सभंला येऊच नको का?"

"या की. म्होरं बसा. फेटा बांधून या. तुमी न्हाई आला तर लोक म्हनतील, नवरा-बायकोचं वाजलंय."

"आन् मंग?"

सत्यशीलाबाईंनी पिशवीतली वांगी एकेक करून टोपलीत काढली. मग नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाल्या,

"उद्या कुनी सरपंच म्हनून हाक मारली, तर तुमी ओ देऊ नका. एवढंच."