कुठली केबल?

स्कूटरची क्लच केबल तुटली म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मालक जेवायला गेले होते. काउंटरवर त्यांची सून होती, नुकतीच दुकानात बसू लागलेली. तिने आधी ब्रेकची केबल आणली, मग ॲक्सिलरेटरची. माझ्या कपाळावरची आठी पाहून ती हसली.

"काका, मला खरंच कळत नाही. क्लच कुठे असतो, दाखवता का?"

न कळणं इतक्या मोकळेपणाने कुणी सांगितलं की रागवायचं तरी कशावर? आम्ही दोघं स्कूटरपाशी गेलो. तुटलेली केबल मी ओढून काढली. ती तिने दुकानातल्या केबलींशी लावून पाहिली आणि जुळणारी सापडताच "हीच!" म्हणून ओरडली. मलाही उगाच आनंद झाला.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. "वहिनी, केबल द्या."

"कुठली?" तिने रुबाबात विचारलं. "क्लचची, ब्रेकची की ॲक्सिलरेटरची?"