भुरक्याचं नवं घर

वैजयंतीबाई दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहत. एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात सत्तावीस वर्षं काढल्यामुळे माणसावर पटकन विश्वास टाकणं त्यांना जमत नसे. पक्षी पाळायचा तर दुकानातला नको, कुणाला नाइलाजानं सोडावा लागलेलाच घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

आपला पक्षी द्यायला निघालेल्या नोएडाच्या एका माणसानं फोनवरच सांगितलं, "मॅडम, बिल्कुल काटता नहीं, सब बोलता है. आज ही ले जाइए." घरी येऊन बघते म्हटल्यावर तो खोक्यात घालून मेट्रो स्टेशनवर आणून देतो म्हणाला. बाईंनी त्याचा नाद सोडला.

मग धीरज भेटला. हिंगोलीचा हा मुलगा राजेंद्र नगरात पाच वर्षं यूपीएससीची तयारी करत होता. प्रयत्न संपले, आता गावी निघाला होता, आणि गावच्या घरात तीन मांजरं. त्याचा करडा, तुरेवाला कॉकटील जातीचा पोपट, भुरक्या, पुस्तकांच्या ढिगावर मोकळा बसला होता.

"चावतो," धीरजनं आधी हेच सांगितलं. "लाइट गेली की किंचाळतो. मेन्सच्या वेळी मी सारखा चिडलेला असायचो, तेव्हा स्वतःची पिसं उपटायला लागला होता. डॉक्टरांचे कागद आहेत." मग म्हणाला, "काकू, मला तुमचं घर बघायचंय."

बाई चपापल्या. आजवर तपासणी त्यांनी लोकांची केली होती.

रविवारी येऊन त्यानं पंखा पाहिला, खिडक्यांच्या जाळ्या ओढून पाहिल्या, स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा उचलला. "हा जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी मरतो."

"अच्छा, म्हणजे मी नापास?"

"तवा बदला, मग आणतो."

बाईंनी रागारागातच सरोजिनी मार्केटमधून बिडाचा तवा आणला.

भुरक्याला सोडायला आला तेव्हा धीरज दोन तास बसून होता. निघताना म्हणाला, "नाहीच जमलं तर दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी येऊन नेईन." बाईंच्या मनात उरलीसुरली शंका होती, ती तिथेच गेली.

आठ दिवस भुरक्या त्यांच्याकडे पाठ करून बसला. बाई रोज फोन करत आणि धीरज दरवेळी उचले, कधी एसटीतून, कधी शेतातून. नवव्या दिवशी भुरक्यानं त्यांच्या हातातली भिजवलेली ज्वारी खाल्ली आणि बोटाला कडकडून चावला.

"रक्त आलं?" धीरजनं फोनवर विचारलं.

"थोडं."

"मग रमला."

"बोल ना त्याच्याशी, स्पीकर लावते."

"नको काकू. माझा आवाज आला की शोधत बसेल. फोन तिथंच ठेवा, मी नुसता ऐकतो."

बाईंनी फोन पिंजऱ्याजवळ ठेवला आणि त्या भात टाकायला गेल्या. भुरक्या बराच वेळ शीळ घालत होता.