बिनआवाजी गाडीची गिऱ्हाइकं

आमच्या शोरूममध्ये गाड्या धूळ खात पडायच्या, किस्से मात्र रोज डिलिव्हरीला यायचे. साल दोन हजार सातच्या आसपासचं. बॅटरीवरच्या स्कूटरी चंद्रपुरात नव्या नव्या आल्या होत्या. पेट्रोल नको, लायसन नको, आवाज नाही. फक्त चार्जिंगला वीज हवी. आता वीज तयार व्हायची आमच्याच गावात, पण धूर इथं ठेवून ती निघून जायची मुंबई-पुण्याला! आम्हाला लोडशेडिंग. नेते भाषणात सांगायचे, "जिल्हा उजळून निघाला!" आणि मी, बी.कॉम. फर्स्ट क्लास, मेणबत्ती धरून गिऱ्हाइकाला ब्रोशर दाखवायचे.

दुकान बाबांचे मित्र वामनकाका यांचं. दिवाळीपर्यंत धंदा लागला नाही तर ते कुलूप लावणार होते. बाबांनी तर जाहीरच केलं होतं, "तिकडं कुलूप लागलं का इकडं तुह्यासाठी पाहुणे बोलावतो." त्यामुळं माझं गणित सोपं होतं. एक गाडी विकली की लग्न तितकं लांब!

*

पहिला अडथळा खुद्द वामनकाका. दुकानाच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "पेट्रोलला रामराम". काका रोज सकाळी आपली जुनी पेट्रोलची स्कूटर फटफटवत यायचे आणि ती बरोबर त्या बोर्डाखाली लावायचे.

एकदा पोंभुर्ण्याच्या एका गिऱ्हाइकाला मी तासभर खपून पटवलं होतं. तेवढ्यात काका आले. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, तुमी काऊन नाई चालवत बॅटरीची?"

"मले दूर जा लागते ना!" काका.

गिऱ्हाईकही दूर गेलं. कायमचं!

*

दुसरे शेषरावभाऊ, रिटायर्ड तलाठी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पोरीनं गाडी समजावलेली चालत नाही.

"तू नको सांगू बाई. तू पाळण्यात होती तवापासून गाडी चालवून राह्यलो मी."

त्यांनी चावी फिरवली, वाकून कान लावला. "बंद हाय."

"चालू आहे, भाऊ. आवाज नसतो."

"आवाज नाई तं चालू कशी म्हणाची?" त्यांनी किक शोधली. ती नव्हतीच. "थांब, रेस देऊन पाहतो. उठन." आणि मूठ पिळली, पूर्ण.

गाडी उठली! थेट समोरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यात.

आम्ही धावलो. भाऊ पोह्यांत बसलेले, भुवईवरून तर्री ओघळत होती. माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "बाकी सारं समजलं. आता फक्त सांग, चालू कराची कशी?"

*

एका गुरुजींनी मात्र खरोखर गाडी घेतली. मी पेढे वाटले. महिन्याभरातच ते गाडी हातठेल्यावर घालून दारात हजर.

"जागची हलत नाई!"

मी सीट उचललं. आत चार बॅटऱ्या असतात. होती एक.

"गुरुजी, बाकीच्या कुठं आहेत?"

"एक छोट्या टीव्हीले लावली, एक पंख्याले. अन् एक शेजारी घेऊन गेला. लोडशेडिंग राह्यते ना!"

"अहो, मग गाडी चालेल कशी?"

गुरुजींना रागच आला. "अवं, एक तं ठेवली ना गाडीसाठी!"

*

जंगलातल्या गावाला नेमणूक असलेल्या एका बाबूंना मी सांगितलं होतं, "ही गाडी बेस्ट, साहेब. आवाज नाही, जनावर बिथरत नाही." घेतली त्यांनी. काही दिवसांनी आले ते चेहरा पांढराफटक.

"तुमचं खरं हाय बाई. जनावर बिलकुल बिथरत नाई. काल रस्त्यात वाघ झोपून होता. मी पार त्याच्या शेपटीपाशी जाऊन पोहोचलो, तरी त्याले पत्ता नाई!"

"मग हॉर्न द्यायचा ना!"

"चला," ते गाडी वळवत म्हणाले, "बसा मागं. तुमी द्या हॉर्न."

*

मग आली नगरपालिकेची निवडणूक. आमच्या वॉर्डातल्या एका भावी नगरसेवकानं पर्यावरण रॅलीसाठी दुकानातल्या सगळ्या गाड्या नेल्या. मी खूश. फुकटची जाहिरात! सारं शहर बघणार!

शहरानं काही बघितलं नाही. आवाजच नाही, तर गॅलरीत येणार कोण? उमेदवारभाऊ पहिल्या चौकातच भडकले. "आवाज नाई तं नेता कसा वाटन मी?" कार्यकर्त्यांनी डोकं चालवलं आणि गाड्यांच्या बॅटऱ्यांना वायरी जोडून भोंगे लावले. मग असा दणका उडाला की म्हशी दावं तोडून पळाल्या!

अर्ध्या वाटेत भोंगे बसले. गाड्याही बसल्या. भर उन्हात कार्यकर्ते गाड्या ढकलू लागले. आता लोक गॅलरीत आले. भाऊंनी क्षणभर घाम पुसला आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "बंधू-भगिनींनो, इथून पुढं पदयात्रा!"

आणि निवडून आले! बोला आता.

*

नेता आला, पण मी बुडाले. ढकलत नेलेल्या गाड्या सगळ्या शहरानं पाहिल्यावर दुकानात चिटपाखरू फिरकेना. काका कुलूप शोधू लागले. बाबांना दिवाळीपर्यंतही दम निघेना. त्यांनी पाहुणे बोलावलेच.

गडचिरोलीचा मुलगा, त्याचे आईवडील. वडीलच मला विचारत होते, "सैपाक येते का? भाकरी?" आई मात्र उघड्या दारातून अंगणात बघत होत्या, दुकानातून मी घरी आणलेल्या डेमो गाडीकडं.

मी चहा द्यायला वाकले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "याले लायसन नाई लागत म्हणते?"

"नाही लागत, मावशी."

"सायकल येते मले. माहेरी होती."

मी बशीखालून चावी दिली.

मावशींनी पदर खोचला. अंगणातून फाटक, फाटकातून रस्ता. आवाज नाही, त्यामुळं कुणाला काही कळलंच नाही! वडील आत सांगत होते, "आमच्या घरी बाया नोकरी नाई करत. आमची मंडळी तं आजवर एकटी बाजारात बी नाई गेली." असं म्हणून कौतुकानं मागं वळले.

"अवं? कुठी गेली?"

मला ठाऊक होतं. पण मुलीला भाकरीखेरीज काही विचारायची पद्धत नाही!

पोहे गार झाले. मुलगा फाटकात, वडील चौकात, बाबा शेजाऱ्याची सायकल घेऊन थेट तलावापर्यंत. मावशी आल्या त्या संध्याकाळी. केस विस्कटलेले, तोंडभर हसू, हँडलला भाजीची पिशवी. गाडी थांबवली, पण उतरल्या नाहीत.

बाबांनी हात जोडले. "मग ताई, पोरगी पसंत हाय ना?"

"पोरगी चांगली हाय, भाऊ. पण सून म्हणून घरात आली तं गाडी पोरगीच चालवन, अन् मी पुन्हा मागं बसू का?" मावशींनी हँडल आणखी घट्ट धरलं. "पोरगी तुमची तुमाले राहू द्या. गाडी आमाले द्या."