पोळ्याचा ट्रॅक्टर

"वहिनी, पाण्यानंच झालं असंल. म्याच धुतलं ना त्याला," माळी म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. ज्याच्यावर आळ, तोच कबूल व्हायला निघालेला!

आम्ही राहतो ते घरांचं कंपाउंड कतारमधल्या अल दुहैलचं. मालक वयस्कर कतारी. त्यांनी हौसेनं एक जुना, बॅटरीवर चालणारा बागेतला ट्रॅक्टर सांभाळलाय. तो चालवायचं काम आमच्या माळ्याचं. हा लातूरकडचा, घरदार तिकडे, इथे एकटा. पोळ्याला बैल कुठून आणणार? म्हणून त्यानं ट्रॅक्टरलाच आंघोळ घातली, कुंकू लावलं, अल मन्सूराच्या बाजारातून आणलेली झेंडूची माळ घातली. पुरणपोळीचा नैवेद्य माझ्या घरून गेला. मग दिवसभर त्याच ट्रॅक्टरनं रेतीची ट्रॉली ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आपला आपण शेडमधून निघाला आणि कंपाउंडच्या मॅनेजरच्या गाडीवर जाऊन धडकला. सीटवर कुणी नाही, किल्ली माळ्याच्या खिशात. मॅनेजरनं तिथल्या तिथे निकाल लावला. म्हणे, पूजा-बिजा करून मशीनमध्ये पाणी घातलं, आता खलास, याला परत पाठवा. माळ्यानं गावी फोनसुद्धा केला नव्हता. काय सांगणार बिचारा?

नवरा म्हणाला, "तू कशाला मधे पडतेस?" का नको पडू? इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा काय मी लोणच्याच्या बरणीत घालून ठेवलाय? नाशिकला वडिलांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात लहानाची मोठी झालेय मी.

सरळ मॅनेजरकडे गेले. "ट्रॅक्टर निघाला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"काही नाही मॅडम, गाडीला व्हॅक्युम मारायचा होता. शेडमध्ये प्लगचा पॉइंट एकच, म्हणून ट्रॅक्टरच्या चार्जरचा प्लग काढला."

काही नाही म्हणे! त्या ट्रॅक्टरला चार्जिंग चालू असेपर्यंत मोटर बंद राहते, अशी सोय आहे. मी माळ्याला विचारलं, संध्याकाळी ट्रॅक्टर लावताना तू काय करतोस? तो म्हणाला, ब्रेकवर पाय ठेवून आधी चार्जर लावतो, मग किल्ली काढतो. म्हणजे रोज मोटर चार्जरनंच बंद पडत होती. किल्लीनं ती बंद होते की नाही, हे कुणालाच कळायचा मार्ग नव्हता.

सीटखालचा डबा उघडला. किल्ली फिरवली की एक मोठा रिले, म्हणजे करंटनं चालणारा स्विच, ओढला जातो आणि मोटरला करंट देतो. त्या रिलेचे तांब्याचे पॉइंट रेतीच्या ओझ्यानं तापून एकमेकांना चिकटले होते. किल्ली काढा नाहीतर विहिरीत टाका, मोटर चालूच. डब्यात पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता.

मागची चाकं उचलून खाली विटा लावल्या, चार्जर जोडला आणि मॅनेजरला बोलावलं. किल्ली त्याच्याच हातात दिली. "आता काढा प्लग." त्यानं काढला. चाकं गरगरा फिरायला लागली आणि साहेब टुणकन मागे उडाले! मी बॅटरीची केबल सोडवली.

"ओके मॅडम, सॉरी," तो मला म्हणाला. "तुम्ही हे दुरुस्त करून द्याल? मालक विचारतायत." आणि माळ्याकडे बघून म्हणाला, "यल्ला, कामाला लाग."

माझा पारा चढला. "मला कसलं सॉरी? परत कुणाला पाठवत होता तुम्ही? त्याला म्हणा."

"जाऊ द्या हो वहिनी," माळी पुटपुटला.

"तू गप्प बस!" मी पाना खाली ठेवला. "तोपर्यंत हा ट्रॅक्टर असाच विटांवर राहील. मालकांना काय ते तुम्ही सांगा."

मॅनेजरनं घड्याळ बघितलं, फोन बघितला, ट्रॅक्टरकडे बघितलं. शेवटी माळ्याच्या चपलांकडे बघत म्हणाला, "सॉरी, भाई. तुझी चूक नव्हती."

मी माळ्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हा ताठ उभा राहील, चार शब्द सुनावेल. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "थँक्यू सर. लई उपकार झाले."

उपकार! मॅनेजरचा आला नव्हता एवढा राग मला त्या एका शब्दाचा आला. पाना उचलून मी रिलेचे पॉइंट घासायला बसले. मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना, कारण डोळे भरून आले होते.