स्प्रॅटची कार्डं

विनी कॅटरॉलच्या स्वयंपाकघरात कुत्र्यांच्या पाण्याचे चार वाडगे होते, दारामागच्या खुंटीला सात पट्टे लटकलेले असायचे, आणि तिचा स्वतःचा म्हणावा असा कुत्रा एकही नव्हता. नवरा लेन गेला आणि महिन्याभरात त्याची म्हातारी कुत्रीही गेली. तेव्हा विनीने ठरवलं की यापुढे दुसऱ्यांचे सांभाळायचे, आपला नको. परत द्यायचा आहे हे आधीच माहीत असलं की रडू कमी येतं, असं ती सांगायची. ते काही खरं नव्हतं. प्रत्येक कुत्रा परत देताना ती रडायची, आणि मग माझ्याकडे चहाला येऊन बिस्किटांचं अख्खं पाकीट संपवून जायची.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवूड गावातल्या शाळेत तिने एकतीस वर्षं मुलांना जेवण वाढलं. जाड दंड, मोठा आवाज. रविवारी चॅपलमध्ये भजन सुरू झालं की विनी बाकीच्यांच्या अर्धी ओळ पुढे असायची. एखादं मूल हिरमुसलेलं दिसलं की तिला ते बघवायचं नाही. त्याच्या ताटात ती गुपचूप आणखी एक चमचा कस्टर्ड घालायची आणि पोर हसलं की मोकळी व्हायची. ते का हिरमुसलं होतं हे विचारत बसायची नाही. पुढे जे झालं ते याच स्वभावापायी झालं, म्हणून आधी सांगून ठेवते.

आमची संस्था म्हणजे चॅपलच्या मागच्या दोन खोल्या. एकीत कुत्र्यांच्या खाण्याचे डबे आणि पोती, दुसरीत एक टेबल, एक किटली, आणि मंगळवारी-शुक्रवारी मी. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी संपली तेव्हा घरात बसवेना म्हणून मी तिथे जाऊ लागले. काम साधं होतं. दिवस वाईट आले म्हणून कुणाला आपला कुत्रा सोडून द्यावा लागू नये, एवढंच. कुणाला महिन्याचं खाणं द्यायचं, कुणाच्या कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं, आणि मालकच हॉस्पिटलात पडला तर तो बरा होऊन येईपर्यंत कुत्रा विनीसारख्या कुणाच्या घरी ठेवायचा.

कुत्रा कुणाकडे आहे हे मालकाला सांगायचं नाही, असा नियम होता. मागे एकदोन भांडणं झाली होती त्यामुळे. त्याऐवजी मालकाला आठवड्याला एक कार्ड जायचं, आणि ते कुत्र्याने लिहिलेलं असायचं. वर "प्रिय बाबा" नाहीतर "लाडक्या आईस", खाली पंजाचा ठसा. इथे माणसं वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा कुत्र्याची सही करतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. ती कार्डं आधी माझ्या टेबलावर यायची. चुकून गल्लीचं नाव वगैरे गेलं नाही ना, एवढं बघून मी पुढे धाडायचे.

विनीच्या कार्डांची सर कुणाच्या कार्डांना नव्हती. एका लठ्ठ कुत्रीच्या नावाने तिने लिहिलं होतं, "इथली बाई म्हणते मी जाडी झाले. आधी स्वतः आरशात बघावं तिनं." हॉस्पिटलात बायका ती कार्डं उशाशी चिकटवून ठेवत. परिचारिका येता-जाता वाचायच्या.

विल्फ थ्रेलफॉल पहिल्यांदा आले ते कुत्र्याचं खाणं न्यायला. वय ऐंशीला टेकलेलं. तरुणपणी खोल समुद्रात मासेमारीच्या बोटींवर होते. त्या बोटी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांचं चालणं अजून हलत्या फळ्यांवरचंच होतं. कोटाच्या आत एक लहानसा, तपकिरी, केसाळ कुत्रा. नाव स्प्रॅट. जाळ्यात आला तरी कुणी मोजत नाही अशा बारक्या माशाचं नाव. मी नाव-पत्ता लिहायला फॉर्म पुढे ओढला तर म्हणाले, "माझं नाव कशाला? त्याचं लिही. मागायला तो आलाय. मी आपला पिशवी उचलणारा."

मी हसले आणि लिहिलं, स्प्रॅट थ्रेलफॉल. इथली जुनी माणसं स्वतःसाठी काही मागत नाहीत. थंडी कुत्र्याला वाजते, भूक कुत्र्याला लागते, करमत नाही ते कुत्र्याला. इथे राहून तीस वर्षांत मला हे चांगलं कळलं होतं, आणि तरी ऐन वेळी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

दीड वर्ष ते असे येत राहिले. मग त्यांच्या खुब्याचं हाड इतकं दुखायला लागलं की आमच्या दाराच्या दोन पायऱ्या चढताना कपाळावर घाम यायचा. दोनदा ऑपरेशनची तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा त्यांनी नको म्हणून कळवलं. स्प्रॅटला कुठे ठेवणार? मीच मागे लागले. सहा आठवडे फक्त, मी म्हटलं, सहा आठवड्यांत तुम्ही दोघं आपल्या घरी. त्यांनी विचारलं, हे तू सांगतेस की संस्था सांगते? मी सांगते, म्हटलं.

स्प्रॅटला सोडायला आले तेव्हा बरोबर एक कागद होता, मोठ्या अक्षरांत लिहिलेला. काय खातो, काय पचत नाही, कुठला कान दुखरा आहे. शेवटची ओळ अशी होती की संध्याकाळी सहाच्या आधी रेडिओवर समुद्राच्या हवामानाची बातमी लागते, ती लावावी. समुद्र सोडून इतकी वर्षं झाली तरी ते रोज ती बातमी ऐकत, आणि स्प्रॅट त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून बसे.

मी कुत्रा आणि कागद दोन्ही विनीकडे पोचवलं. पहिल्या संध्याकाळी तिने कागदाप्रमाणे रेडिओ लावला. बातमी सांगणारा एकेका समुद्राचं नाव घेऊ लागला तसा स्प्रॅट टेबलाखालून निघाला, बाहेरच्या दाराशी गेला आणि थरथरत उभा राहिला. बातमी संपली तरी तिथेच. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तो दाराकडे तोंड करून रडायला लागला. विनीने रेडिओ उचलून कपाटावर ठेवून दिला. पण रेडिओ नसला तरी सहा वाजायला आले की तो दाराशी जाऊन बसायचाच, अंधार होईपर्यंत.

हे तिनेच मला सांगितलं. कार्डात मात्र आलं ते असं, "प्रिय बाबा, इथं मला बाग आहे. सोफ्यावर झोपतो. रविवारी कोंबडी होती. उगाच माझी काळजी करत बसू नका."

मी तिला फोन केला. "विनी, तो दाराशी बसतो ते नाही लिहिलंस."

"खाटेवर पडलेल्या माणसाला ते कळवू? अगं सू, चार घास तरी गोड लागू देत त्याला."

मला सुमन कुणी म्हणत नाही, सगळ्यांची मी सू. मला तिचं पटलं. आजारी माणसाला जिवाला घोर लागेल असं सांगू नये, माझ्या आईनेही मला हेच शिकवलं होतं. मी तिकीट लावून कार्ड धाडलं.

चौथ्या आठवड्यात थ्रेलफॉल यांचं उत्तर आलं. दोनच ओळी, त्याही कुत्र्याला लिहिलेल्या. "स्प्रॅट, बरं चाललंय ते वाचलं. रेडिओ ऐकतोस का?"

विनीने त्यावर बराच वेळ घेतला. मग तिचं आजवरचं सगळ्यात गमतीचं कार्ड आलं. "रेडिओ कुठला हो बाबा, मला इथं वेळच नसतो. सकाळपासून पाखरं हाकायची असतात, त्यात शेजारचं मांजर. संध्याकाळी जो आडवा होतो तो थेट सकाळी उठतो."

ते वाचताना माझ्या मनात काहीतरी अडलं. काय ते कळेना. मी पुन्हा वाचलं. गल्लीचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता. धाडून दिलं.

त्यानंतर त्यांचं उत्तर आलं नाही.

जखम चिघळली आणि सहा आठवड्यांचे अकरा झाले. मधे एकदा मी भेटायला गेले तर त्यांना झोप लागली होती. उशाशी एकही कार्ड चिकटवलेलं नव्हतं. सगळी खणात होती, नीट एकावर एक, दोरा बांधून. जपून ठेवलीत असं समजून मी परत आले.

इकडे आम्ही सगळी जुळवाजुळव केली होती. नगरपालिकेकडून भाड्याने मिळालेलं त्यांचं घर तळमजल्यावर होतं. सकाळी स्प्रॅटला फिरवायला एक बाई यायला तयार होत्या, खाणं दारात पोचणार होतं. थ्रेलफॉल यांनी फक्त येतो म्हणायचं होतं. बाराव्या आठवड्यात मंगळवारी हॉस्पिटलातून पाकीट आलं. आत कुत्र्यावरचा हक्क सोडल्याचा फॉर्म होता, खाली त्यांची सही.

मी खोलीला कुलूप लावून मिळेल ती बस धरली. ते खुर्चीत बसून होते, दाढी केलेली, कपडे घातलेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात जायचं होतं. घराच्या किल्ल्या आदल्या दिवशीच परत केल्या होत्या. मी म्हटलं, अहो असं कसं, सगळी सोय झाली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"हे बघ, तिथं त्याला बाग आहे. सोफा आहे. माझ्याकडं काय, एक खुर्ची आणि एक रेडिओ. बारा आठवड्यांत एकदा जरी त्यानं मला विचारलं असतं ना, तर मी रांगत गेलो असतो घरी."

मग मी सगळं खरं सांगितलं. दार, थरथरणं, कपाटावर ठेवलेला रेडिओ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

"तू चांगली बाई आहेस, सू. आता तू असंच सांगणार."

खण उघडून त्यांनी कार्डांची चळत माझ्यापुढे ठेवली. एका बाजूला बारा आठवड्यांचा लेखी पुरावा, दुसऱ्या बाजूला माझं एक तोंड. परतताना बसमध्ये मला ती ओळ आठवत राहिली, रेडिओ ऐकतोस का. ज्या माणसाने खाण्याची पिशवीसुद्धा कुत्र्याच्या नावावर नेली, तो मला विसरला नाहीस ना हे सरळ कसं विचारेल? त्यांनी विचारलं होतं, आणि आम्ही पाखरांची गंमत कळवली होती.

संध्याकाळी विनीला सांगितलं. ती उठली. खुर्चीवर चढली, कपाटावरचा रेडिओ काढला आणि कमरेला बांधलेल्या ॲप्रनने त्याची धूळ पुसली. कुत्रा कुणाकडे आहे हे मालकाला कळू द्यायचं नाही, या नियमाची मी तिला आठवण करून दिली नाही.

रविवारी आम्ही तिघं वृद्धाश्रमात गेलो. कुत्र्यांना आत परवानगी नव्हती, म्हणून परिचारिकेने थ्रेलफॉल यांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर बाकापाशी आणलं, मांडीवर घोंगडी. स्प्रॅटने लांबूनच पाहिलं. विनीच्या हातातून पट्टा निसटला की तिने सोडला, मला माहीत नाही. तो धावत जाऊन त्यांच्या मांडीवर चढला आणि कोटाच्या आत तोंड घालून असा काही आवाज काढायला लागला की आतली म्हातारी माणसं खिडकीशी आली. थ्रेलफॉल त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

विनी पुढे झाली. "ती कार्डं मी लिहिली, मिस्टर थ्रेलफॉल."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "छान लिहितेस. मला पटलं की."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. तिने ते वाक्य मला कितीतरी वेळा परत म्हणून दाखवलं आहे.

घर परत मिळावं म्हणून आम्ही पुष्कळ खटपट केली. पण ते एका तान्ह्या बाळाच्या आईला देऊन झालं होतं, तिला कोण बाहेर काढणार? दुसऱ्या घराच्या यादीत नाव लागलं आणि यादी काही सरकली नाही. विनी दर रविवारी स्प्रॅटला घेऊन जायची. पावसात गाडीत बसायचे तिघं, आणि गाडीतला रेडिओ लावायचे. बातमी संपली की त्याला कोटातून ओढून काढायचं काम विनीचं. तेवढं दुसऱ्या कुणावर टाकायला ती तयार नव्हती. आठ महिने असं चाललं. फेब्रुवारीत थ्रेलफॉल गेले, एका गुरुवारी. रविवार अजून तीन दिवस लांब होता.

विनी अजून दुसऱ्यांचे कुत्रे सांभाळते. कार्डंही लिहिते. परवा एक आलं, पाय मोडून पडलेल्या एका बाईच्या कुत्रीचं. "लाडक्या आईस, आज निम्मंच जेवले. दिवसभर दाराकडं बघत होते. लवकर ये." मी पत्ता नाही ना बघितलं आणि तिकीट लावलं.

स्प्रॅट तिच्याकडेच राहिला. आता हा कुणाच्या नावावर लिहायचा, असं मी विचारलं तर म्हणाली, आहे तेच नाव असू दे. त्याच्या फॉर्मवर अजून स्प्रॅट थ्रेलफॉल आहे.

माझी देवापुढे दिवा लावायची वेळ आणि त्या बातमीची वेळ एकच. मी दिवा लावते तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे विनी रेडिओ लावते आणि बाहेरचं दार उघडून ठेवते. घरात थंडी शिरते. स्प्रॅट उंबऱ्याशी बसून रस्त्याकडे बघतो, ती कोट घालून त्याच्या शेजारी जमिनीवर बसते, आणि बातमी संपेपर्यंत दार लावत नाही.