बाईंची बॅच

बाई टाइप करताना ओठ हलवायच्या. हाताखालून जाणारं प्रत्येक नाव पुटपुटायच्या. आम्ही बाकीच्या पोरी नुसती अक्षरं बघायचो, एंटर दाबलं की विसरायचो. बाई मात्र मध्येच म्हणायच्या, "ही द्रौपदा बघ. वय एकोणनव्वद. असेल का गं अजून?"

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. खालच्या मशीनची घरघर तळपायांना लागायची. इस्पितळांच्या जुन्या केसपेपरांचे फोटो स्क्रीनवर यायचे, ते बघून आम्ही कॉम्प्युटरात माहिती भरायचो. दिवसाला तीनशे पेपर. जागेवरून उठलं की स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा लाल व्हायचा. शंभरात दोनाच्या वर चुका निघाल्या की अख्खी बॅच परत. मी पाणी कमी प्यायला लागले ते तिथेच.

बाईंचा पूर्वी बदलापूरला टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर शिकायला कुणी येईना, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या बाई आमच्यात येऊन बसल्या. मी अंबरनाथहून नवीन आले, तेव्हा आठवडाभर माझं काम दोनशेच्या वर जाईना. ऑफिस सांभाळणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, घर बैठना है क्या?" त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई खुर्ची ओढून शेजारी आल्या. "रडू नको, बाय. मनगट मोकळं सोड. बोटांना रस्ता माहीत असतो, तू मध्ये येऊ नको." महिनाभर त्यांनी अर्धी सुट्टी माझ्यासाठी घातली. पुढे दोन वर्षांनी सरांनी मला तपासणीला बसवलं, आणि बाईंची बॅच माझ्याकडे यायला लागली.

त्याच सुमारास बाईंचा उजवा हात बधिर व्हायला लागला. "मुंग्या आल्यात, जातील," म्हणत त्या चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायच्या. मुंग्या गेल्या नाहीत. त्यांच्या पेपरांत चुका दिसायला लागल्या. आठाच्या जागी नऊ, होच्या जागी नाही. तपासणाऱ्याने चूक सुधारायची नाही, परत पाठवायची, असा नियम होता. मी गुपचूप सुधारत राहिले.

एका दुपारी बाईंनी मला जिन्यात गाठलं. "तीन आठवडे माझा एकही पेपर परत आला नाही. एवढी हुशार नाही मी. काय काय चुकलं, सांग."

मी टाळाटाळ केली. त्या हलेनात. शेवटी सांगितलं, "एका बाई पेशंटला पेनिसिलीन चालत नाही, असं लिहिलं होतं. तुमच्याकडून 'चालतं' पडलं."

बाई पायरीवर बसल्या. जीन्सचा गठ्ठा घेतलेला एक माणूस त्यांना ओलांडून खाली गेला.

"नाव काय होतं तिचं?"

"आठवत नाही, बाई."

"आणि तू रजेवर असतीस तर?"

"मी परत पाठवलं तर तुमची नोकरी जाईल."

"जाईल. पण तिला सुई टोचताना आपल्या दोघींना विचारायला कोण येणार आहे? परत पाठव."

मी आणखी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी त्यांची अख्खी बॅच परत पाठवली, त्यानंतरची पण. सर ओरडले नाहीत. त्यांनाही वरून फोन यायचे. बाईंना केबिनमध्ये बोलावून खाली मान घालून म्हणाले, "सोमवारसे मत आओ, बाई." ते सगळं मी काचेतून बघत होते. उठून आत जावंसं वाटलं. गेले नाही.

शनिवारी बाईंनी समोर उघडा असलेला पेपर पुरा केला, दोनदा वाचला आणि मग स्क्रीन बंद केली. पिशवी खांद्याला लावून माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "एवढं झाकण उघडून दे गं."

झाकण सैलच होतं. तरी मी दोन्ही हातांनी जोर लावल्यासारखं केलं, आणि बाटली त्यांच्या हातात दिली.